चुकीचा भाव आणि उलटविलेला सौदा

रायपूरच्या गोलबाजारातील एखाद्या दुकानदाराने 3000 रुपये क्विंटलचा तांदूळ नजरचुकीने 300 रुपये भावाने विकला, असे समजू या. चूक उमगल्यावर त्यास सौदा मोडता येईल काय? गिऱ्हाइकास ती चूक ठाऊक होती काय, असे आपण प्रथम विचारू. परंतु सौदा करणारी दोन्हीकडची यंत्रेच असतील, तर मन कोणाचे तपासावयाचे?

हा प्रश्न 19 एप्रिल 2017 रोजी सिंगापूर येथे प्रत्यक्ष उभा राहिला. क्वॉइन हे अंकीय चलनांचे विनिमयकेंद्र होते. त्याने आपले सांकेतिक शब्द बदलले. परंतु भाव ठरविणाऱ्या आज्ञावलीत तदनुरूप बदल करावयाचे राहून गेले. बाहेरील बाजाराचे भाव तिला मिळेनासे झाले आणि विक्रीच्या देकारांची यादी रोडावली. काही ग्राहकांचे तारण अपुरे आहे असे समजून यंत्रणा मिळेल त्या भावाने इथर हे चलन खरेदू लागली. बी टू सी टू या व्यापारी संस्थेच्या आज्ञावलीत, बाजारभाव न कळल्यास वापरावयाचा म्हणून 1 इथरला 10 बिटकॉइन असा भाव घालून ठेवलेला होता. खरा भाव सुमारे 0.04 बिटकॉइन होता. म्हणजे सौदे सुमारे 250 पट भावाने झाले! दुसऱ्या दिवशी क्वॉइनने ते परस्पर उलटविले.

प्रकरण न्यायालयात गेले. यंत्र सांगितले तेवढेच करते. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मनात ती लिहिते वेळी काय होते, ते पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. दुसऱ्याच्या चुकीचा लाभ उठविण्याचा त्याचा हेतू सिद्ध झाला नाही. शिवाय पुरा झालेला सौदा फिरविता येणार नाही, अशी अट क्वॉइनच्याच करारात होती. फेब्रुवारी 2020 मध्ये अपील न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मताने करारभंगाचा निर्णय कायम केला. पाचव्या न्यायाधीशांचे मत असे की, कोणाही समंजस माणसास हा भाव पाहताक्षणीच चूक उमगली असती. तेव्हा सौदा उलटविणेच न्याय्य होते.

आपल्याकडे रायपुरासही लागू असलेला 1872 चा भारतीय करार कायदा याच दिशेने बोलतो. केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली, एवढ्यानेच करार रद्द करण्याजोगा ठरत नाही (कलम 22). उभय पक्षांची महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी चूक झाल्यास करार निरर्थक होतो. परंतु वस्तूच्या मोलाविषयीचा चुकीचा समज ही तशी चूक मानिली जात नाही (कलम 20). चुकून दिलेला पैसा मात्र घेणाऱ्याने परत केलाच पाहिजे (कलम 72).

तात्पर्य, यंत्राच्या वेगाने झालेल्या सौद्याचा निवाडा अखेर माणसाने आधी लिहिलेल्या शब्दांवरून होतो. म्हणून विनिमयकेंद्राच्या अटी सौद्यानंतर नव्हे, सौद्यापूर्वी वाचावयाच्या असतात.