लॅपटॉप घरी गेला, गुरुजींचं काय?

हिरवा-पांढरा रंग, धरायला मूठ, सशाच्या कानांसारख्या उभ्या राहणाऱ्या दोन अँटेना, धूळ शिरू नये असा रबरी कळफलक आणि भर उन्हातही वाचता येणारा पडदा. ‘एक्सओ’ हा लॅपटॉप खास खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी घडवला होता. निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ संस्थेचा हा लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेतही पोहोचला.

यंत्र मुलाच्या मालकीचं आणि शाळा सुटली की दप्तराबरोबर घरी जाणारं, ही मूळ कल्पना. कंबोडियातल्या एका खेड्यात वीज नसलेल्या घरी सगळ्यात लख्ख उजेड लॅपटॉपच्या पडद्याचाच पडायचा, असं निग्रोपाँटे सांगत.

पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. विचारशक्तीच्या चाचण्यांत मुलांची थोडी प्रगती दिसली. गणित आणि भाषेत मात्र लॅपटॉप मिळालेली आणि न मिळालेली मुलं सारखीच निघाली.

असं का झालं? बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं. मोडला किंवा चोरीला गेला तर जबाबदारी कुणाची, या धास्तीने अनेक मुलांना लॅपटॉप घरी नेताच आला नाही. शिक्षकांसाठी जेमतेम ४० तासांचं प्रशिक्षण आखलं होतं. यंत्र हाताळणं तेवढ्या वेळात जमेलही, पण उद्याचा भागाकाराचा तास त्यावर कसा घ्यायचा, हे उमगायला वर्गात वारंवार सोबत लागते.

उरुग्वेने ही सोबत उभी केली. २००७ मध्ये व्हिया कार्दाल या छोट्या गावातून ‘प्लान सेबाल’ सुरू झाला आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या सर्व मुलांना लॅपटॉप मिळाले. पुढे इंग्रजीच्या शिक्षकांची चणचण भासली, तेव्हा आठवड्यातला एक तास दूरच्या शिक्षकाने पडद्यावरून घ्यायचा, असं ठरलं; काही शिक्षक तर थेट फिलिपीन्समधून शिकवतात. उरलेले तास वर्गातल्या बाईच घेतात. इंग्रजी फारसं न येणाऱ्या बाईही मुलांबरोबरच ते शिकत जातात.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत एक-दोन शिक्षक सगळ्या इयत्ता सांभाळतात. तिथे टॅबची खरेदी ठरवतानाच वर्षभराच्या प्रशिक्षणाची आणि दुरुस्तीची तरतूद झाली पाहिजे. आणि टॅब फुटला तर भरपाई मागितली जाणार नाही, हे पालकांना पहिल्याच दिवशी लेखी कळवायला हवं.