आरोग्यातील विषमता : रक्ताची नव्हे, परिस्थितीची

सोलापूरच्या भवानी पेठेत व लगतच्या पूर्व भागात माग आणि विडी या धंद्यांवर अनेक पिढ्यांचे संसार चालत आले आहेत. तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या विणकर कुटुंबांत पुरुष मागावर आणि स्त्रिया विडीकामावर, ही विभागणी सर्वपरिचित आहे. अशा वस्तीत खोकला, धाप वा रक्तक्षय आढळला, की ‘या लोकांची प्रकृतीच तशी’ असे सहज म्हटले जाते. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांविषयी असाच समज रूढ होता. क्षय हा त्यांचा वांशिक रोग मानला जाई. समाजशास्त्रज्ञ ड्युबॉइस यांनी १९०६ साली मृत्यूचे आकडे मांडून हा रोग वांशिक नसून सामाजिक असल्याचे प्रतिपादन केले. आपल्याकडे वंशाची जागा जातीने घेतली आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यूचे प्रमाण अनुसूचित जातींत सुमारे ४५, अनुसूचित जमातींत ४४, इतर मागास वर्गांत ४२, तर उर्वरित समाजात ३२ होते.

कारणे कोणती?

विडी वळणारी स्त्री मांडीवर सूप घेऊन तासन् तास वाकून बसते. तंबाखूची धूळ श्वासावाटे व त्वचेवाटे तिच्या शरीरात जाते. घर हाच कारखाना असल्याने तान्ह्या मुलाचीही तीतून सुटका नसते. मजुरी हजार विड्यांवर ठरते; दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. साहजिकच दुखणे अंगावर काढले जाते. यात रक्ताचा दोष कोठे आहे?

उपायांची दिशा

परिस्थितीने निर्माण केलेले दुखणे परिस्थिती पालटून कमी करता येते. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला; १९७६ च्या कल्याण निधी कायद्यामुळे दवाखाने व शिष्यवृत्त्यांची सोय झाली. २००६ साली कुंभारी येथे महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेची दहा हजार घरांची वसाहत साकार झाली.

तथापि कायदा वस्तीपर्यंत पोहोचविणारी माणसे हवीत. दवाखान्याची वेळ कामकरी स्त्रीला सोयीची आहे काय, हे अधिकाऱ्यांनी पाहावे. सतत गैरहजर राहणारी मुलगी घरी विडीकामाला तर बसत नाही ना, याची शिक्षकांनी चौकशी करावी. वीटभट्टी किंवा ऊसतोडीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या पाण्याची व लसीकरणाची काळजी पंचायत सदस्यांनी वाहावी. रुग्णाची जात पाहून निदान करण्यापूर्वी त्याचे काम, घर आणि मजुरी विचारावी. उपायाचा आरंभ तेथूनच होतो.