चुलीला वैल हवाच!

गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या वारली पाड्यावर परवा अंगणात मातीची चूल घालताना पाहिली आणि माझेही हात शिवशिवले.

नुसती चिकणमाती वाळताना आकसते, तडकते. म्हणून तीत भाताचं तूस आणि शेण मिसळून एक-दोन दिवस मुरवायचं. तूस पुढे जळून जातं, बारीक छिद्रं उरतात आणि भिंतीतून उष्णता कमी निसटते.

काठावर तीन उंचवटे ठेवा, म्हणजे भांडं ठेवल्यावर जाळ गुदमरत नाही.

शेजारी वैल, म्हणजे छोटी जोडचूल, काढाच. चुलीतला जाळ आतल्या भोकातून तिथे पोचतो. इकडे भाकरी, तिकडे त्याच लाकडावर आमटी. मला सगळ्यात आवडते ती ही हुशारी!

सावलीत सावकाश वाळवा, पहिला जाळ मंद ठेवा.