झाडीपट्टीत नाटक ठरविण्याची पद्धत

झाडीपट्टीत नाटक ठरविण्याची पद्धत म्हणजे पूर्व विदर्भातील गावांनी मंडई, शंकरपट किंवा अन्य उत्सवाच्या निमित्ताने व्यावसायिक नाट्यमंडळाशी करार करून एका रात्रीच्या प्रयोगासाठी कलावंत बोलावण्याचा रूढ व्यवहार होय. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग मिळून झाडीपट्टी हा प्रदेश होतो. येथे नाटक पाहणारा प्रेक्षक नाट्यगृहाकडे जात नाही. गावच नाटकाला आपल्याकडे बोलावते. त्यामुळे नाटकाची निवड, रकमेची बोलणी, तिकीटविक्री आणि तोट्याची जबाबदारी या सर्व बाबी गावातील आयोजक मंडळाकडे येतात. कलावंताला मोबदला देऊन कार्यक्रमासाठी बोलावण्याच्या महाराष्ट्रातील निरनिराळ्या परंपरांमध्ये ही पद्धत विशेष विकसित मानली जाते.

पार्श्वभूमी

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश दाट वनांचा आणि धानाच्या शेतीचा आहे. झाडीबोली ही येथील बोली होय. दंडार, खडी गंमत, गोंधळ, कीर्तन इत्यादी लोककला येथे पूर्वापार रुजलेल्या आहेत. झाडीबोली आणि दंडार यांचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला आहे. झाडीपट्टी रंगभूमी या लोककलांच्या पायावर उभी राहिली, असे अभ्यासक मानतात.

आरंभी गावातील हौशी मंडळीच नाटक बसवीत. स्त्रीभूमिका पुरुष करीत. पुढे स्त्री कलावंत बाहेरून मोबदला देऊन बोलावण्याची प्रथा पडली. त्यानंतर पडदे, प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा आणि वादक हेही बाहेरून येऊ लागले. अखेरीस संपूर्ण प्रयोगच एका मंडळाकडून ठरवून घेणे गावाला सोयीचे वाटू लागले आणि त्यातून व्यावसायिक नाट्यमंडळे वाढली. हौशी प्रयोगांची परंपरा त्यामुळे संपूर्णपणे लोपली नाही. तथापि हंगामातील बहुतेक उलाढाल आज व्यावसायिक मंडळांकडे आहे.

हंगाम

झाडीपट्टी नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. यामागे शेतीचे गणित आहे. धान हाती आले की शेतकऱ्याजवळ थोडा पैसा आणि थोडी उसंत असते. पाऊस नसल्यामुळे उघड्यावर मंडप घालता येतो. याच काळात गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. दिवसा मंडई किंवा पट आणि रात्री नाटक, असा क्रम असतो. नाटक उशिरा रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. मोठ्या गावात एकाच रात्री दोन किंवा अधिक नाटकेही लागतात.

शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरविला. पट आणि नाटक यांचा प्रेक्षक एकच असल्याने शर्यतींवरील निर्बंधांचा प्रश्न नाट्यव्यवसायाशीही जोडलेला होता.

केंद्रे

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या व्यवसायाचे प्रमुख केंद्र होय. गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरील स्थानकामुळे चारही जिल्ह्यांतून येथे पोहोचणे सुलभ आहे. नाट्यमंडळांची कार्यालये येथे असून हंगामापूर्वी नव्या नाटकांचे फलक लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातील नवरगाव हेही नाट्यचळवळीचे जुने केंद्र असून नाटककार व दिग्दर्शक सदानंद बोरकर तेथील आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ अभिनेते परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. या रंगभूमीच्या जीवनावर 'झॉलीवूड' हा मराठी चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला.

नाटक ठरविण्याचे टप्पे

१. आयोजक मंडळ: गावातील तरुण किंवा जाणती मंडळी एकत्र येऊन मंडळ स्थापन करतात. प्रारंभीचा खर्च वर्गणीतून किंवा सभासदांच्या पदरच्या पैशातून होतो.

२. निवड: मंडळाचे प्रतिनिधी नाट्यमंडळाच्या कार्यालयात जातात. कथानक कौटुंबिक आहे की सामाजिक, विनोदी नट कोण, गायक कोण, लावणी आहे काय, याची चौकशी होते. शेजारच्या गावात तेच नाटक नुकतेच झाले असल्यास प्रेक्षक विभागला जातो, म्हणून त्याचीही खातरजमा केली जाते.

३. रक्कम आणि इसार: प्रयोगाची रक्कम ठरली की काही भाग इसार म्हणून आगाऊ दिला जातो आणि तारीख पक्की होते. मंडईची तारीख, प्रसिद्ध कलावंताचा सहभाग आणि गावाचे अंतर यांनुसार रक्कम कमीअधिक होते. उर्वरित रक्कम बहुधा प्रयोगाच्या रात्री द्यावी लागते.

४. कामांची वाटणी: कलावंत, वादक, पडदे, प्रकाश आणि ध्वनी ही सामान्यतः नाट्यमंडळाची जबाबदारी असते. जागा, मंडप, कुंपण, आवश्यक परवानग्या, तिकीटविक्री, बंदोबस्त आणि कलावंतांची भोजनव्यवस्था गावाकडे असते. यांपैकी एखादी बाब बोलण्यातून सुटली तर ऐनवेळी वाद होतो. म्हणून जाणती मंडळे ही वाटणी लेखी करून घेतात.

५. प्रसिद्धी: पत्रके, भित्तिफलक आणि वाहनावरील ध्वनिक्षेपक यांद्वारे परिसरातील गावांत जाहिरात होते. पत्रकावर नाटकाच्या नावाइतकेच कलावंतांच्या नावांना महत्त्व असते.

आर्थिक व्यवहार

या पद्धतीत नाट्यमंडळाला ठरलेली रक्कम मिळते आणि तिकिटांचे उत्पन्न आयोजकांकडे राहते. म्हणजे प्रेक्षक न येण्याची जोखीम प्रामुख्याने गाव पत्करते. नफा झाल्यास तो पुढील वर्षासाठी किंवा गावाच्या सार्वजनिक कामासाठी वापरता येतो. तोटा झाल्यास तो सभासदांना वाटून घ्यावा लागतो. ज्या वर्षी अवकाळी पावसाने धान भिजते, त्या वर्षी तिकीट घेणाऱ्याचा हात आखडतो, परंतु ठरलेली रक्कम कमी होत नाही. त्यामुळे तारीख ठरविताना पिकाचा अंदाज घेणे हे आयोजकांचे मोठे कौशल्य मानावे लागते.

कलावंताचे उत्पन्न वेगळ्या रीतीने ठरते. त्याला प्रत्येक प्रयोगामागे मोबदला मिळतो. त्यास बोलीभाषेत 'नाईट' म्हणतात. ज्या रात्री प्रयोग नाही त्या रात्री उत्पन्न नाही. चार-साडेचार महिन्यांच्या कमाईवर वर्षाचा संसार उभा करायचा असल्याने एक प्रयोग रद्द होणे ही कलावंताच्या दृष्टीने लहान गोष्ट नसते. २०२०-२१ मधील कोरोना साथीच्या काळात निर्बंधांमुळे प्रयोग थांबले, तेव्हा या व्यवस्थेतील ही दुर्बलता विशेष जाणवली.

कायदेशीर बाजू

भारतीय करार अधिनियम, १८७२ तोंडी कराराला अमान्य ठरवत नाही. परंतु वाद उद्भवल्यास तोंडी बोलणी सिद्ध करणे कठीण जाते. कलावंतांचे करार हा या अधिनियमात प्रारंभापासून विचारात घेतलेला विषय आहे. कलम ३९ च्या उदाहरणात ठरलेल्या रात्री हेतुपुरस्सर न येणारी गायिका येते. अशा वेळी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकास करार संपुष्टात आणता येतो. मात्र कलम ६५ च्या उदाहरणानुसार त्यापूर्वी ती जितक्या रात्री गायली, तितक्यांचा मोबदला तिला द्यावाच लागतो. कलम ५६ मध्ये आजारपणामुळे काम करू न शकलेल्या नटाचे उदाहरण असून त्या दिवसांपुरता करार निरर्थक ठरतो. इंग्लंडमधील १८६३ च्या टेलर विरुद्ध कॉल्डवेल या खटल्यातही असाच प्रश्न आला होता. कार्यक्रमांसाठी भाड्याने ठरविलेले संगीतगृह आगीत नष्ट झाले आणि कोणाचाही दोष नसल्याने दोन्ही पक्ष करारातून मुक्त झाले. पाऊस, आजार किंवा शासकीय निर्बंध यांमुळे प्रयोग न झाल्यास इसाराचे काय होईल, हे आधीच लिहून ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी नाट्यसंहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. राज्य शासन सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टी नाटकाची मूळ घडणच या नियमाशी विसंगत आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांत लोककला किंवा अभिजात संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलावंताच्या सेवेला, प्रयोगाचा मोबदला दीड लाख रुपयांपर्यंत असल्यास, सूट देण्यात आली आहे.

अन्य परंपरांशी तुलना

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्यापूर्वी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन यात्रेसाठी फड ठरवितात. या व्यवहारास 'सुपारी' म्हणतात. शब्द पक्का झाल्याची खूण म्हणून सुपारी देण्याच्या प्रथेवरून हा शब्द आला आहे. कलावंताच्या मोबदल्यासाठी 'बिदागी' आणि व्याख्यात्याच्या मोबदल्यासाठी 'मानधन' हे शब्द रूढ आहेत. एकाच व्यवहाराच्या या तीन नावांत कलावंताकडे पाहण्याच्या समाजाच्या तीन दृष्टी दिसतात.

व्याख्यानाच्या क्षेत्रात पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झाली. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीभजनातून प्रबोधन आणि मनोरंजन यांची सांगड घातली. १९४२ च्या चिमूर येथील उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती आणि त्या वर्षी त्यांना तुरुंगवासही घडला. दुसरीकडे वारकरी संप्रदायात कीर्तनाचे मोल घेऊ नये, अशी जुनी धारणा आहे. प्रेरणा देणाऱ्याने मोबदला घ्यावा काय, हा प्रश्न त्यामुळे महाराष्ट्राला नवा नाही.

औद्योगिक पट्ट्यातील कार्यक्रम

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात चित्र निराळे आहे. भद्रावती तालुक्यातील माजरी हे कोळसा खाणींचे गाव आणि रेल्वे जंक्शन होय. येथून वणीमार्गे आदिलाबादकडे लोहमार्ग जातो. येथील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या नागपूर येथे मुख्यालय असलेल्या कंपनीच्या आहेत. ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कोल इंडियाची उपकंपनी आहे. अशा औद्योगिक वसाहतींत स्थापना दिन, खाण सुरक्षा सप्ताह, निवृत्तांचे सत्कार आणि कुटुंबमेळावे या निमित्तांनी वक्ते, गायकवृंद किंवा पथनाट्याचे कलावंत बोलावण्याची प्रथा असते.

या दोन पद्धतींतील मूलभूत भेद पैसे कोण देतो यात आहे. झाडीपट्टीत तिकीट काढणारा प्रेक्षकच अखेरचा परीक्षक असतो. नाटक न आवडल्यास पुढच्या वर्षी ते मंडळ गावात येत नाही. कंपनीच्या कार्यक्रमात निवड व्यवस्थापन करते, मोबदला कंपनी देते आणि ऐकणारा कामगार असतो. त्यामुळे व्याख्यान श्रोत्याला उपयुक्त ठरले की नाही, हे आयोजकाला आपोआप कळत नाही. अनोळखी वक्त्याने यशाची चार ठरावीक सूत्रे सांगावीत आणि पाळीवरून आलेल्या कामगाराने ती मुकाट्याने ऐकावीत, असा कार्यक्रम हिशेबात यशस्वी दिसतो; परंतु सुरक्षेसारख्या विषयात तो निष्फळ ठरणे परवडणारे नसते.

म्हणून वक्ता निवडताना काही बाबी पाहणे इष्ट असते. वक्त्याचे एखादे पूर्ण भाषण आधी ऐकावे. श्रोत्यांची भाषा, काम आणि पाळीची वेळ त्याला कळवावी. विषय, कालावधी, मानधन, प्रवास व निवास आणि कार्यक्रम रद्द झाल्यास करावयाची व्यवस्था लेखी ठरवावी. कार्यक्रमानंतर श्रोत्यांचे मत स्वतंत्रपणे घ्यावे. झाडीपट्टीतील आयोजक यांतील बऱ्याच गोष्टी अनुभवाने पाळतात, कारण तोटा त्यांच्या घरापर्यंत पोहोचतो.

समस्या आणि महत्त्व

वनप्रदेशातील रात्रीचा प्रवास, सलग जागरणे, स्त्री कलावंतांच्या निवासाची अपुरी सोय, हंगामाबाहेरील बेकारी आणि उतारवयातील निराधारपणा हे कलावंतांचे प्रमुख प्रश्न आहेत. आयोजकांच्या बाजूने वाढता खर्च, एकाच रात्रीची स्पर्धा आणि घरबसल्या मिळणारे मनोरंजन हे प्रश्न आहेत. लोकानुनयासाठी लावणी व उथळ विनोद यांचे प्रमाण वाढल्याची टीकाही होते.

असे असूनही ही पद्धत टिकून आहे. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या प्रदेशात, मुख्यतः तिकिटांच्या आधारावर, प्रतिवर्षी नवी नाटके लिहिली आणि खेळली जातात, हे तिचे वैशिष्ट्य होय. लेखक, नट, वादक, पडदे रंगविणारे, मंडपवाले आणि वाहनचालक अशा अनेकांना तीतून काम मिळते. नाटक ठरविण्याच्या निमित्ताने गाव एकत्र बसते, हिशेब मांडते आणि जोखीम वाटून घेते. या रंगभूमीचे सामाजिक मोल त्यातच सामावलेले आहे.