पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर: दुरुस्त करावा की बदलावा?

मिसरोदला एका स्नेह्यांची प्रीमियर पद्मिनी मिसिंग करत होती. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर टाकून झाला, तरी फरक नाही. आता "डिस्ट्रिब्युटरच बदला" असा सल्ला मिळाला होता.

बदलण्याआधी एवढं बघा. कॅप आणि रोटर काढा, शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवा. पॉइंटमधली फट कमीजास्त होताना दिसली, तर बुश झिजलेत. मग फीलर गेजने कितीही नेमका गॅप लावा, चारही सिलिंडरना ठिणगी वेळेवर मिळणार नाही. टायमिंग लाइट मारली की पुलीवरची खूण थरथरताना दिसते.

बॉडी आणि शाफ्ट शाबूत असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: दुरुस्तीच करा. चांगला खरादवाला ब्राँझचे बुश बसवून देतो. सोबत आतली वजनं आणि स्प्रिंगही तपासून घ्या. रोटर फिरवून सोडला की झटकन मागे यायला हवा.

शाफ्टवर खाचा पडल्या असतील, कॅमचे उंचवटे झिजले असतील किंवा बॉडीला तडा असेल, तरच बदला.

कुर्ल्यात बनणारी ही गाडी बंद होऊन वीस वर्षं उलटली. त्यामुळे "नवा" म्हणून मिळणारा पार्ट नीट पारखून घ्या.

तुमच्या डिस्ट्रिब्युटरचा फोटो कॉमेंटमध्ये टाका, मिळून बघू.