घाट चढणारी मोजणी

नागपूरहून इटारसीकडे निघालेली मालगाडी काटोल, नरखेड, पांढुर्णा मागे टाकते आणि सातपुड्याच्या चढाला लागते. तिगाव ते चिचोंडा हा घाटाचा टप्पा. इंजिनामागे भरलेल्या पन्नासहून अधिक वाघिणी, वजन काही हजार टन. अशा चढांवर मागून रेटा द्यायला बँकर इंजिन जोडतात. पण पुढचे असो वा मागचे, इंजिनाची ताकद रुळावर उतरली तरच कामाची. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकते ते जेमतेम एक-दीड चौरस सेंटीमीटर जागेत. पावसाची पहिली भुरभुर झाली, रुळावरची धूळ आणि तेल यांचा पातळ राडा झाला, की पकड सुटते. चाक जागच्या जागी गरगरते, रूळ भाजून निघतो आणि गाडी मात्र अडून राहते.

नागपूरच्या अजनी शेडमध्ये ज्या इंजिनांची देखभाल होते, त्यांत डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचे इंजिन आहे. त्याचे वजन १२३ टन. सहा आस, प्रत्येक आसावर ८५० किलोवॉटची एक मोटार. गाडी हलवताना ते सुमारे ४६० किलोन्यूटन जोर लावते, म्हणजे जवळपास ४७ टन वजनाइतका. स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त ओढ पोलादावर पोलाद टेकवून काढायची, तर चाक घसरायला लागल्याचे क्षणार्धात कळले पाहिजे. हे कळणे म्हणजेच फीडबॅक. मोटार फिरवणे सोपे आहे. ती प्रत्यक्षात किती फिरली आणि त्यासाठी तिला किती जोर पडला, हे सतत जाणून घेत फिरवणे ही खरी विद्या.

आधी डोळा, मग सेन्सर

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. तिच्या मोटारी डीसी होत्या. त्या काळापासून कित्येक दशके ही देखरेख चालकाच्या डोळ्यांनीच होत आली. तो अ‍ॅमीटरच्या काट्यावर नजर ठेवी, प्रवाह वाढला की हात आवरी, काटा अचानक पडला की चाक घसरल्याचे ओळखी, नॉच (जोराची पायरी) मागे घेई आणि रुळावर वाळू सोडी. वाळू आजही सोडतात. बदलले ते एवढेच, की घसरण ओळखण्याचे काम आता माणसाच्या नजरेपेक्षा कितीतरी वेगाने होते.

ते होते मोटारीच्या आसाशी बसवलेल्या वेग-सेन्सरमुळे. कारखान्यातल्या यंत्रांत याच जातीच्या उपकरणाला एन्कोडर म्हणतात. त्याची रचना साधी: आसाबरोबर फिरणारे दातेरी चाक किंवा रेघा असलेली चकती, आणि तिच्यासमोर स्थिर बसलेला सेन्सर. दात समोरून गेला की विजेची एक पल्स उमटते. पल्स मोजल्या की किती फेरे झाले ते कळते. एका सेकंदात किती आल्या यावरून वेग कळतो. दिशा ओळखण्यासाठी दोन सेन्सर पाव घराच्या अंतराने बसवतात. पहिल्याची पल्स आधी आली तर मोटार पुढे फिरते आहे, दुसऱ्याची आधी आली तर मागे.

शेकडा एकाची किंमत

या मोजणीत किती अचूकपणा हवा? डब्ल्यूएजी-९ ची मोटार थ्री-फेज असिंक्रोनस जातीची आहे. तिच्यात चुंबकीय क्षेत्र फिरते आणि रोटर त्याच्या मागे फिरतो, पण किंचित कमी वेगाने. या मागे राहण्यातूनच जोर निर्माण होतो. समजा, क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आहे आणि रोटर १४८५. फरक अवघा १५ फेऱ्यांचा, शेकडा एक. रोटर १५०० वर पोहोचला तर जोर शून्य होतो आणि १४७० वर आला तर जवळपास दुप्पट. रोटर क्षेत्राहून वेगाने फिरू लागला तर मोटारच जनित्र होते, ब्रेक लावते आणि वीज तारेत परत पाठवते. म्हणजे वेग मोजताना शेकडा एकाची चूक झाली, तर जोराचा सगळा हिशेब कोसळतो. अशा मोटारीला डीसी मोटारीसारखे काटेकोर हाताळण्याची रीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत सीमेन्सच्या फेलिक्स ब्लाश्के यांनी मांडली. ती रोजच्या वापरात यायला वेगवान संगणक-चिपची वाट पाहावी लागली.

चाकाचा व्यासही या हिशेबात शिरतो. नव्या चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, पुरते झिजल्यावर १०१६. नवे चाक एका किलोमीटरला सुमारे २९२ फेरे घेते, झिजलेले सुमारे ३१३. इंजिनातल्या संगणकात व्यासाचा आकडा जुनाच राहिला तर फेरे अचूक मोजूनही वेग चुकतो. शिवाय डब्ल्यूएजी-९ मध्ये एका बोगीतल्या, म्हणजे तीन आसांच्या एका चौकटीतल्या, तिन्ही मोटारींना एकत्रच वीज मिळते. त्यांतल्या एका चाकाचा व्यास ५ मिलिमीटरने कमी असेल, तर त्याच्या मोटारीचा वेग सुमारे अर्धा टक्का वाढतो. जिथे सगळा खेळ शेकडा एकाचा, तिथे त्या मोटारीच्या वाट्याचा जोर जवळपास निम्म्यावर येतो आणि उरलेला भार शेजारच्या दोघींवर पडतो. म्हणून एका बोगीतली चाके एकमेकांशी जुळती ठेवणे हा शेडमधला कडक नियम असतो.

पल्स गती सांगते, जोर कोण सांगणार?

वेग-सेन्सर फक्त गती सांगतो. मोटारीला किती कष्ट पडतात, ती किती तापली, हे त्याला कळत नाही. तिथे अ‍ॅनालॉग सेन्सर लागतात. एडविन हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने १८७९ मध्ये दाखवून दिले, की प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर चुंबकीय क्षेत्र आणले की तिच्या दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज उमटतो. हाच गुण वापरून शेकडो अँपिअरचा प्रवाह तार न तोडता मोजता येतो. तापमानासाठी प्लॅटिनमची तार वापरतात. पीटी-१०० या सेन्सरचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशाला १३८.५ ओहम असतो. मे महिन्यात घाट चढणाऱ्या यंत्रासाठी तापमानाचा हा आकडा महत्त्वाचा असतो.

अ‍ॅनालॉग संकेत नाजूक असतात. पल्स असते किंवा नसते. व्होल्टेज मात्र शेजारच्या केबलच्या गोंगाटाने डळमळतो, उष्णतेने हळूहळू सरकतो. म्हणून शील्ड असलेली केबल वापरतात आणि ठरलेल्या मुदतीने कॅलिब्रेशन करतात. कारखान्यांत रूढ असलेल्या ४ ते २० मिलिअँपिअर पद्धतीत शून्य मापाला मुद्दाम ४ मिलिअँपिअर ठेवले आहेत, ते तार तुटल्याचे लगेच कळावे म्हणून. माप शून्य असणे आणि माप न मिळणे यांतला भेद यंत्राला असा शिकवावा लागतो.

पल्स आणि अ‍ॅनालॉग संकेत या दोन्ही साक्षी जुळवल्या की चित्र पूर्ण होते. चाकाचा वेग एकाएकी वाढला पण गाडीचा वाढला नाही, म्हणजे चाक घसरले. संगणक जोर कमी करतो, पकड परत आली की पुन्हा वाढवतो. गंमत अशी, की चाक अगदी किंचित सरकत असतानाच पकड सर्वाधिक मिळते. त्यामुळे घसरण पुरती थांबवायची नसते, योग्य मापात ठेवायची असते. मोजमाप नसेल तर ही मर्यादा सांभाळणे अशक्यच.

मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी सुरू झालेली नागपूर मेट्रो हे याच विद्येचे शहरी रूप. फलाटाच्या ठरल्या जागी गाडी थांबवायची तर अशा गाड्यांत फेरे मोजून अंतर काढतात. पण चाक थोडे सरकले, झिजले की चूक साचत जाते. म्हणून रुळांमध्ये ठरावीक ठिकाणी खुणेची उपकरणे असतात. गाडी त्यावरून गेली की आपली मोजणी तपासून दुरुस्त करून घेते.

मधेपुऱ्यात तयार होणाऱ्या १२,००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-१२ इंजिनांच्या देखभालीसाठी सहारनपूरबरोबर नागपूरचीही निवड झाली. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतही अशीच सेन्सर लावलेली यंत्रे चालतात. तेव्हा या शहरातल्या आयटीआयमध्ये आणि तंत्रनिकेतनांत मोटार गुंडाळायला जितक्या आस्थेने शिकवले जाते, तितक्याच आस्थेने सेन्सर तपासायला शिकवले पाहिजे. पल्स ऑसिलोस्कोपवर पाहणे, सैल कनेक्टर शोधणे, शील्ड योग्य जागी अर्थ करणे, कॅलिब्रेशनची नोंद प्रामाणिकपणे ठेवणे ही कामे दुय्यम मानू नयेत. हजारो अश्वशक्तीचे इंजिन एका खराब सेन्सरपायी अडू शकते. तो वेळीच ओळखणारे हात नागपुरात तयार व्हायला हवेत.