तळघरातलं कारंजं

जपानमधल्या कुठल्याही नावाजलेल्या डिपार्टमेंट स्टोअरचं तळघर म्हणजे अस्सल खाऊगल्ली. तळलेले मासे, मुरवलेल्या भाज्या, फ्रेंच पद्धतीचे केक, दागिन्यासारखी कागदात गुंडाळलेली मिठाई. वर सात-आठ मजले कपडे, घड्याळं आणि चिनी मातीची भांडी, आणि खाणं मात्र जमिनीखाली. असं का?

साधी कारणं आहेतच. भुयारी रेल्वेच्या स्थानकातून थेट आत शिरता येतं. गॅसच्या आणि पाण्याच्या वाहिन्या टाकणं खाली सोपं पडतं. पण खरी मेख वेगळी. या धंद्यात दोन शब्द रूढ आहेत : ‘कारंज्याचा परिणाम’ आणि ‘शॉवरचा परिणाम’. खाली खायला आलेली माणसं वरच्या मजल्यांकडे उसळतात, ते कारंजं. सगळ्यांत वर चित्रप्रदर्शन, उपाहारगृह आणि पूर्वी तर गच्चीवर मुलांसाठी पाळणे. तिथे पोचलेला माणूस मजल्यामजल्यानं खाली झिरपतो, तो शॉवर. शेतात पाणी खेळवावं तशी इथे माणसं खेळवली जातात. माल विकला जातो तो या वाहण्याच्या ओघात.

या दुकानांचं मूळ फार जुनं. १६७३ साली मित्सुई ताकातोशीनं एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, ‘एचिगोया’ हे कापडाचं दुकान काढलं. तोवर किमोनोचं कापड व्यापारी बड्यांच्या घरी घेऊन जात, गिऱ्हाईक पाहून भाव सांगत आणि पैसे पुढे कधीतरी वसूल करत. मित्सुईनं सगळं उलटं केलं : दुकानात या, भाव सर्वांना एकच, पैसे रोख. हवं तेवढंच कापड कापून मिळे. हेच दुकान पुढे ‘मित्सुकोशी’ झालं आणि १९०४ मध्ये आपण डिपार्टमेंट स्टोअर होत असल्याचं त्यानं जाहीर केलं. १९१४ च्या नव्या इमारतीत सरकता जिना होता, दारात लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातल्या सिंहांवरून घडवलेले दोन सिंह होते. तरीही गिऱ्हाइकानं जोडे दाराशी काढायचे, ही रीत मोठ्या दुकानांतून सुटली ती १९२३ च्या भूकंपानंतर!

मला सर्वांत थक्क करतो तो ओसाकाचा कोबायाशी इचिझो. या गृहस्थानं आधी रेल्वे टाकली. मग रुळांच्या कडेनं घरं बांधून हप्त्यांवर विकली, म्हणजे रोजचे प्रवासी तयार झाले. दुसऱ्या टोकाला ताकाराझुकात मुलींची नाटकमंडळी उभी केली, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही डबे भरले. आणि १९२९ मध्ये उमेदा स्थानकातच हांक्यू डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. मंदीच्या काळात तिथल्या भोजनगृहात काही लोक नुसता भात मागवत आणि टेबलावरचा फुकटचा सॉस ओतून खात. कोबायाशीनं त्यांना हाकललं नाही, उलट स्वागत केलं. आज खिसा रिकामा आहे, पण उद्या हीच माणसं लग्नं करून, मुलांना घेऊन येतील, हा त्याचा हिशेब होता.

आता त्याच्या बरोबर विरुद्ध हिशेब पाहा. युद्धानंतर या दुकानांत एक विलक्षण पद्धत रुळली. मांडणीतला कोट दुकानाचा नसतोच, उत्पादकाचा असतो. तुम्ही पैसे देता त्या क्षणी दुकान तो उत्पादकाकडून विकत घेतं आणि त्याच क्षणी तुम्हाला विकतं. न खपलेला माल उत्पादकाचा, अनेकदा विक्रेतेही त्यानंच पाठवलेले. धोका शून्य. पण काय खपेल हे ओळखण्याची नजरही त्याबरोबर गेली, आणि दुकानदाराचा हळूहळू घरमालक झाला. माझ्या मते इंटरनेटच्या कितीतरी आधी दुखणं सुरू झालं ते इथे.

१९९१ मध्ये जपानी डिपार्टमेंट स्टोअरची वार्षिक विक्री सुमारे ९.७ लाख कोटी येनवर पोचली होती. तो आकडा पुन्हा दिसला नाही. लहान शहरांत लोक मोटारीनं गावाबाहेरच्या मॉलकडे वळले, स्थानकाजवळचे रस्ते ओस पडले आणि कारंज्याला पाणीच उरलं नाही. १७०० साली स्थापन झालेलं यामागाताचं ‘ओनुमा’ जानेवारी २०२० मध्ये बुडालं. त्याच वर्षी तोकुशिमाचं, २०२४ मध्ये शिमाने आणि गिफू या प्रांतांतलं शेवटचं दुकान बंद झालं.

गर्दी आणि पैसा दोन्ही आहे तिथे मात्र उलटं चित्र. टोकियोत शिंजुकूच्या, आता मित्सुकोशीबरोबर एकाच समूहात असलेल्या ‘इसेतान’नं १९९१ चा स्वतःचा विक्रम २०२२ च्या आर्थिक वर्षात मोडला. त्यामागे ‘गाइशो’चाही हात आहे : धनिकांच्या घरी जाऊन घड्याळं, दागिने, चित्रं दाखवणारे खास विक्रेते. साडेतीनशे वर्षांपूर्वी मित्सुईनं मोडलेली चाल त्याच्याच वारसदारांना आज तारते आहे.

पुढे काय, याची झलक टोकियोतल्याच इकेबुकुरोच्या ‘सेइबू’नं दाखवली. ३१ ऑगस्ट २०२३ ला तिथले कर्मचारी संपावर गेले. जपानी डिपार्टमेंट स्टोअरमधला एकसष्ट वर्षांतला हा पहिला संप. दुसऱ्याच दिवशी कंपनी अमेरिकी गुंतवणूकदारांच्या हाती गेली आणि इमारतीतली मोठी जागा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानासाठी ठरली. मोठ्या स्थानकांवरची, श्रीमंत गिऱ्हाइकं आणि पर्यटक लाभलेली मोजकी दुकानं टिकतील. तीही मजले भाड्यानं देत. तेव्हा जपानला जाणं झालंच, तर आधी एखाद्या लहान शहरातलं डिपार्टमेंट स्टोअर गाठा. टोकियोतली तुमची वाट पाहतील.